पट्टी उलटी की सुलटी?

"मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल लिही, पण इंग्लिश पाजळू नकोस," असं संपादक मंडळातल्या आमच्या सीनियर ताईने सांगितलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. माझी अख्खी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. मराठीच्या पेपरात निबंधाला दहापैकी चार मार्क पडले की घरी पेढे वाटायचे बाकी ठेवत. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जिथे चुकलं असेल तिथे वाचकांनी मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावं. विषय मात्र माझा स्वतःचा आहे, कारण त्यात माझी भरपूर फजिती झाली आहे, आणि मामाचे पैसेही गेले आहेत.

विषय आहे भिंतीवरची पट्टी. हसू नका. आत्ता तुम्ही रूममध्ये कॉटवर पडून हे वाचत असाल तर मान जरा खाली वळवा. भिंत आणि फरशी जिथे भेटतात तिथे चारेक इंचांची फरशीचीच एक पट्टी दिसेल. तिला स्कर्टिंग म्हणतात. मावशी ओलं फडकं मारतात तेव्हा ते भिंतीच्या रंगाला लागू नये म्हणून ती असते. बाथरूममध्ये हीच पट्टी कमरेच्या वर चढते आणि तिचा डाडो होतो. जुन्या बंगल्यांत भिंत आणि छत यांच्या सांध्यावर नक्षीची पट्टी असते, ती कॉर्निस. दोन पृष्ठभाग भेटतात तिथे भेग पडणारच. एक हलतो, दुसरा हलत नाही. एक विटेचा, दुसरा लाकडाचा. ती भेग झाकायचं काम पट्टी करते. शोभा नंतर.

गंमत म्हणजे आपल्याच भागात याच्या बरोबर उलटं उदाहरण आहे. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी लेण्यांच्या दर्शनी भागावर वेदिकेची पट्टी आहे, म्हणजे लाकडी कठड्याची दगडात केलेली नक्कल. लेण्याद्रीला आपण गणपतीला म्हणून जातो आणि पायऱ्या चढून दमल्यामुळे वर बघतच नाही. तिथे अखंड कातळ आहे, सांधा नाही, झाकायला भेग नाही, तरीही पट्टी आहे. लाकडी घरं बघितलेल्या माणसाला पट्टीशिवाय भिंत पुरी झाली असं वाटलंच नसणार. तुळजा लेण्यात तर स्तूपाभोवती १२ खांब गोलात उभे आहेत आणि वर घुमट. तिथे गेले की माझ्या डोक्यात आता एकच विचार येतो, की या गोलावरून तिरपी लाकडी पट्टी फिरवायची असती तर सुतार वेडा झाला असता. का, ते पुढे कळेल.

माझं आजोळ जुन्नर तालुक्यात. मातीच्या भिंतींचं, वर तक्तपोशी असलेलं जुनं घर. माजघराच्या मागच्या भिंतीवर, डोक्याच्या थोडं वर, एक नक्षीची सागवानी पट्टी ठोकलेली होती. सहा इंच रुंद, एका कडेला मण्यांची रांग आणि बाकी कमळाच्या पाकळ्या. तिच्यावर ऑइलपेंटचे इतके थर बसलेले की पाकळ्या भज्यांसारख्या दिसायच्या. ही पट्टी मूळची या घरची नव्हे. आजीचं माहेर जुन्या आंबेगावात, घोड नदीच्या काठी. डिंभे धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. आज तिथे हुतात्मा बाबू गेनू सागर आहे. घर सोडताना आजीच्या भावांनी लाकूडसामान उतरवून घेतलं, ज्याच्या वाट्याला जे आलं ते तो घेऊन गेला. आजीच्या वाट्याला ही पट्टी आली. तिने ती एस.टी.च्या टपावरून आणली असं ती सांगते. मामा म्हणतो टेम्पोतून. यावर घरात अजून एकमत नाही.

गेल्या मे महिन्यात मामाने मागची मातीची भिंत पाडून विटेची बांधायला काढली. भिंत नवी, पण वरची तक्तपोशी जुनीच. दोघींच्या मधला सांधा झाकायला चारही भिंतींना सागवानी पट्टी लावायची, तीही आजीच्या पट्टीच्याच नक्षीची आणि थोडी पुढे झुकलेली, म्हणजे फट पूर्ण झाकेल आणि वरची धूळ भिंतीवर येणार नाही, असा मामाचा बेत. मी सिव्हिलची, थर्ड इयरला आलेली, लॅपटॉपमध्ये रेव्हिटचं स्टुडंट लायसन्स. मी म्हटलं, "मामा, ड्रॉइंग मी देते. सुताराला काही विचार करावा लागणार नाही." हे वाक्य लक्षात ठेवा.

आता थोडं सॉफ्टवेअर. कुठलीही पट्टी काढायला कॉम्प्युटरला दोनच गोष्टी लागतात. एक प्रोफाइल, म्हणजे पट्टी आडवी कापली तर कापलेल्या तोंडाचा आकार. दुसरी वाट, म्हणजे ते तोंड कुठून कुठे न्यायचं. चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. ताटली म्हणजे प्रोफाइल आणि हात फिरेल ती वाट. स्केचअपमध्ये याला फॉलो मी म्हणतात, ऑटोकॅडमध्ये स्वीप, रेव्हिटमध्ये भिंतीसाठी खास वॉल स्वीप. तत्त्व सगळीकडे तेच.

मी आजीच्या पट्टीचं तोंड कार्डशीटवर पेन्सिलने उतरवलं, मोजून प्रोफाइल बनवलं आणि वॉल स्वीप लावायला गेले. पहिला अर्धा तास बटणच दाबलं जाईना, नुसतं करडं दिसत होतं. कारण मी प्लॅनमध्ये होते. वॉल स्वीप एलेव्हेशनमध्ये किंवा थ्रीडीमध्येच लागतो. एवढं कळलं की मग सोपं आहे. भिंतीवर क्लिक केलं की पट्टी बसते, आडवी हवी की उभी ते आधी निवडायचं, पुढच्या भिंतीवर क्लिक केलं की कोपरा आपोआप जुळतो, दार आलं की पट्टी दाराशी थांबते. उघडं टोक सरळ कापलेलं ठेवायचं की भिंतीकडे वळवून घ्यायचं, हेही सांगता येतं. उंची बदलायची तर लेव्हलपासूनचा ऑफसेट बदला, पुढे-मागे करायची तर भिंतीपासूनचा.

पण तिरपी कशी करायची? वॉल स्वीपला कोन टाकायची जागाच नाही. हा प्रश्न आमच्या बॅचच्या निम्म्या लोकांनी मला विचारलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. रस्ते दोन. पहिला, प्रोफाइलच तिरपं काढायचं. म्हणजे चकलीची ताटलीच फिरवून बसवायची. दुसरा, वॉल स्वीप सोडून द्यायचा आणि इन-प्लेस फॅमिलीत साधा स्वीप करायचा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोफाइलचा कोन असतो, आडवा आणि उभा ऑफसेट असतो आणि प्रोफाइल उलटवायची खूणही असते. मी दुसरा रस्ता घेतला. ४५ टाकलं. पट्टी भिंतीच्या आत झुकली. मग उणे ४५ टाकलं. आता झुकली बरोबर दिशेला, पण खालची कड भिंतीत दोन इंच घुसलेली.

इथे बहुतेक जण कंटाळून ऑफसेटचे आकडे अंदाजपंचे टाकत बसतात. मीही बसले होते. खरं कारण साधं आहे. कॉम्प्युटर कुठलीही वस्तू तिच्या मधोमध फिरवत नाही, तिच्या शून्याभोवती फिरवतो. प्रोफाइल काढताना मधे दोन रेघा एकमेकींना छेदतात, तो छेदबिंदू म्हणजे शून्य. माझ्या प्रोफाइलची पाठ उभ्या रेघेवर होती हे ठीक, पण शून्य पडला होता पाठीच्या मधोमध. सहा इंचांची पट्टी मधोमध धरून ४५ अंश झुकवली की वरचे तीन इंच खोलीत येतात आणि खालचे तीन इंच भिंतीत जातात. किती जातात? तीन गुणिले साइन ४५, म्हणजे २.१२ इंच. दरवाजा बिजागरीभोवती फिरतो तशी पट्टी तिच्या खालच्या मागच्या कडेभोवती फिरली पाहिजे. म्हणून प्रोफाइल उघडून ती कड बरोबर शून्यावर आणून ठेवली. मग कोन ३० करा, ४५ करा, ६० करा, खालची कड भिंतीला चिकटूनच राहते. ऑटोकॅडच्या स्वीपमध्ये बेस पॉइंट विचारतात तो याचसाठी. आपण तिथे नुसतं एंटर मारून पुढे जातो.

अजून एक खाच. वाट घड्याळाच्या दिशेने काढली की उलट, यावर प्रोफाइल खोलीत तोंड करणार की भिंतीत, हे ठरतं. आणि पट्टी जर भिंतीच्या टाइपमध्येच आतल्या बाजूला बसवली असेल आणि तुम्ही भिंत निवडून चुकून स्पेसबार दाबलात तर भिंत उलटते आणि सबमिशनच्या दिवशी स्कर्टिंग बंगल्याच्या बाहेर सापडतं. हे माझ्या बाबतीत झालेलं नाही. रूम पार्टनरच्या झालंय.

तर माझं मॉडेल झकास झालं. चारही कोपरे सुईसारखे जुळलेले. मी प्लॅनवर मापं टाकली, कोपऱ्यावर "४५° काप" लिहिलं, मंचरला जाऊन ए-थ्री प्रिंट काढली आणि सुतारमामांच्या हाताखालच्या मुलाच्या हातात दिली. ते स्वतः त्या दिवशी नारायणगावला दुसऱ्या कामावर होते. मुलाने कागदाप्रमाणे पट्टी करवतीखाली सपाट ठेवली, जाडीतून पंचेचाळीसचा काप घेतला, दोन पट्ट्या तयार केल्या आणि दोघांनी मिळून त्या वर चढवल्या.

वरच्या कडा कोपऱ्यात भेटल्या. खालच्या कडा भेटल्याच नाहीत. दोन्हींमध्ये तिकोनी फट, मूठ आत जाईल एवढी. मुलगा एकदा कागदाकडे बघे, एकदा माझ्याकडे. मामा काहीच बोलला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. साडेअकरा फुटांच्या भिंतीच्या दोन पट्ट्या, जवळजवळ साडेएकवीस फूट कोरलेलं सागवान.

चूक काय झाली ते रात्री ओटीवर बसून काढलं. बाकी ब्रँचवाल्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल, सिव्हिलवाल्यांनी सोडू नये. पट्टी भिंतीला सपाट असेल तर कोपऱ्यासाठी जाडीत ४५ चा काप पुरतो, फोटोफ्रेम उभी केल्यासारखा. पण पट्टी पुढे झुकली की तिची वरची कड भिंतीपासून लांब येते. माझ्या पट्टीत सहा गुणिले साइन ४५, म्हणजे सव्वाचार इंच. मग आतल्या कोपऱ्यात वरच्या कडेने कोपऱ्याच्या सव्वाचार इंच आधी थांबायला हवं आणि खालच्या कडेने थेट कोपऱ्यापर्यंत जायला हवं. म्हणजे तोंडावरचा कापसुद्धा तिरपा येणार. काटकोनी कोपऱ्यासाठी तोंडावरच्या कापाच्या कोनाचा टॅन म्हणजे झुकावाचा साइन. झुकाव ४५ असेल तर तो कोन ३५.३ अंश निघतो आणि जाडीतला काप ४५ चा न राहता ३० चा होतो. झुकाव शून्य टाका, तोंडावरचा काप शून्य आणि जाडीतला ४५ परत मिळतो, म्हणजे सूत्र बरोबर आहे. कॉम्प्युटरने हे सगळं आत गुपचूप केलं होतं. मी त्याला कोपरा जुळवायला सांगितला, त्याने जुळवला. "४५° काप" हे त्याने लिहिलं नव्हतं, मी लिहिलं होतं. त्यातून लांबीचं माप मी वरून दिसणाऱ्या आतल्या रेघेवर टाकलं होतं, म्हणजे वरच्या कडेचं. साडेआठ इंच आखूड. नुसता काप चुकला असता तर पट्टी वाचली असती.

दुसऱ्या दिवशी सुतारमामा आले. मी त्यांना ३५.३ आणि ३० चे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, एवढं कशापायी?" मग त्यांनी लाकडाची खाचांची पेटी काढली, ज्यात करवत पंचेचाळीसलाच चालते. तिच्यात पट्टी उलटी ठेवली, वरची कड खाली, आणि वर बसल्यावर जशी झुकेल तशीच तिरपी टेकवली. पेटीची उभी बाजू म्हणजे भिंत, तळ म्हणजे तक्तपोशी. आणि साधा पंचेचाळीसचा काप मारला. कोन मोजून बघितला तर तोंडावर ३५ च्या थोडं वर, जाडीत ३०. त्यांनी लाकूड फिरवलं आणि गणित आपोआप झालं. मी लाकूड सपाट ठेवून गणित करत बसले होते. गोलाकार भिंतीवर मात्र ही पेटीही कामाची नाही. तिथे तिरपी पट्टी सपाट पसरली की सरळ राहत नाही, शंकूच्या कातडीसारखी कमान होते. ४५ च्या झुकावाला त्या कमानीची त्रिज्या भिंतीच्या त्रिज्येच्या १.४१ पट. तुळजा लेण्याचं मी मघाशी म्हटलं ते यासाठी.

काप मारून झाल्यावर सुतारमामांनी आजीची जुनी पट्टी नमुन्यासाठी मागितली. भिंत पाडताना ती काढून पडवीत ठेवली होती. तिची दोन्ही टोकं इतकी वर्षं मातीच्या लिंपणात गाडलेली, कुणी बघितलीच नव्हती. त्यांनी टोकावरची माती खरवडली, नवीन काप शेजारी धरला आणि म्हणाले, "आवं, हिचा बी काप असाच हाय की."

मी टेप घेऊन बसले. एक कड ९ फूट ४ इंच. दुसरी ८ फूट साडेसात इंच. फरक साडेआठ, म्हणजे प्रत्येक टोकाला सव्वाचार. सव्वाचार भागिले सहा, ०.७०८. म्हणजे साइन ४५. ही पट्टी आमच्या माजघरात सपाट ठोकली होती, पण जिथली ती होती तिथे ती ४५ अंश झुकलेली होती, छताखाली. दोन्ही टोकांना कोपऱ्याचा काप, म्हणजे ती एका भिंतीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अखंड होती. आतल्या कोपऱ्यात लांब कड खाली असते. आमच्याकडे लांब कड वर होती.

आजी शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, "आजी, तुझ्या माहेरी ही कुठे होती गं?"

"देवघरात. वर, पार वरच्या अंगाला."

"सपाट की झुकलेली?"

ती जरा थांबली. "पुढं कललेली. निजून बघितलं की पाकळ्या अंगावर येतात असं वाटायचं. आणि मणी खाली. इथं तुझ्या आजोबांनी लावली तेव्हाच मी म्हटलं होतं, काहीतरी चुकतंय. पण काय ते सांगता येईना, आणि दाखवायला ते घर कुठं होतं."

मी म्हटलं, "आजी, तुमचं देवघर ९ फूट ४ इंच होतं. निदान एका बाजूने."

तिने शेंगा बाजूला ठेवल्या आणि टेप बघायला मागितला. तिला आकडे लांबून दिसत नाहीत, म्हणून मी तो तिच्या हातात दिला. ती तो ओढत ओढत पडवीच्या टोकापर्यंत गेली आणि मला दुसरं टोक धरून उभं राहायला सांगितलं. मग मध्ये उभी राहून इकडे समई असायची, इकडे फडताळ, हे दाखवत राहिली. जुन्या आंबेगावच्या त्या घराचा आमच्याकडे एकही फोटो नाही.

ती पट्टी माजघरात परत लावायची नाही आणि तोडायची तर नाहीच नाही, हे त्याच संध्याकाळी ठरलं. माजघराला सुतारमामांनी नव्या पट्ट्या केल्या, पेटीत उलट्या ठेवून. माझ्या चुकलेल्या दोन मामीने जपून ठेवल्या आहेत, कारण मागे नवीन देवघर बांधायचं आहे आणि त्याच्या बाजूच्या भिंती सहाच फुटांच्या आहेत. मागची भिंत मामा आधी दहा फूट करणार होता. मी मॉडेलमध्ये एकच आकडा बदलून ती ९ फूट ४ इंच केली आणि गवंड्याला विटांमधलं अंतर ९ फूट ५ इंच ठेवायला सांगितलं, म्हणजे दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच प्लास्टर होऊन पट्टी बरोबर बसेल. या वेळी प्रिंटवर कोन लिहिलेला नाही. मणी कुठल्या बाजूला, तेवढं लिहिलंय.